रविवारची सर्वसाधारण सभा आणि ‘बॉयकॉट’

ए-५०२: काल रात्री सी विंगमधून आलेल्या संदेशात रविवारच्या सभेवर ‘बॉयकॉट’चे आवाहन आहे आणि त्याच दमात खजिनदारांशी कोणीही बोलू नये, असेही बजावले आहे. सभेला न जाणे आणि माणसाशी न बोलणे ही एकच गोष्ट आहे का, याचा कृपया खुलासा व्हावा.

सी-१०४: काका, देखभाल शुल्क वाढवताना आम्हाला कोणी विचारले नाही, त्यामुळे निषेध कसा करावा हेही कोणी शिकवू नये, एवढीच नम्र विनंती.

बी-३०१: शब्दाचा उगमच मुळी एका कारभाऱ्याच्या आडनावात आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनींची व्यवस्था पाहत असे. १८८० साली कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, लॉर्डसाहेबांनी १० टक्के देऊ केली आणि बॉयकॉटने जमीन सोडण्याच्या नोटिसा काढल्या. त्यावर गडीमाणसे काम सोडून गेली, दुकानदार माल देईनात, धुणे धुणारी बाईसुद्धा येईनाशी झाली.

सी-१०४: म्हणजे वाद आकारणीवरूनच होता. आमची बाजू मांडल्याबद्दल आभारी आहे.

ए-५०२: माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही. सभा आणि माणूस एकच का?

बी-३०१: पुढचेही वाचावे. त्याचे पीक काढायला अल्स्टरमधून ५० माणसे आणावी लागली, त्यांच्या बंदोबस्ताला सुमारे हजार सैनिक व पोलीस होते आणि जेमतेम ५०० पौंडांच्या पिकापायी सुमारे १०,००० पौंड खर्ची पडले. डिसेंबर उजाडताच साहेबांनी आयर्लंड सोडले.

ए-२०३: एवढ्यात आपली लिफ्ट दोनदा बदलून झाली असती. 😄

सी-१०४: लिफ्टचा हिशेबही खजिनदारांकडेच मागावा.

डी-४०४: विषयांतर नको. ‘समाजातून बाहेर काढणे’ या अर्थाचा जड इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून फादर ओमॅली यांनी त्या माणसाचे आडनावच क्रियापद म्हणून सुचवले आणि जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने ते वृत्तपत्रांतून पसरवले, असे सांगतात. म्हणजे इंग्रजी शब्द जन्मला तो माणसाला वाळीत टाकण्यासाठी. मालावरचा आणि सभेवरचा अर्थ त्याला नंतर चिकटला. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार परदेशी मालावर होता, तर बाबासाहेबांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापली ती वाळीत टाकलेल्या माणसांसाठी. एकाच शब्दाची ही दोन टोके आपल्याकडे तरी कोणी विसरू नयेत.

ए-५०२: वहिनी, मी सकाळपासून हेच विचारतो आहे.

बी-३०१: सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्याने २०१६ साली कायदा केला आहे, हेही नोंदवून ठेवतो.

सी-१०४: तो जातपंचायतींच्या जाचामुळे झाला. आम्हाला त्या रांगेत बसवण्याची तुमची घाई पाहून वाईट वाटले. तरीही खजिनदारांविषयीचे वाक्य मागे घेतो. सभेवरील बहिष्कार मात्र कायम आहे.

सचिव: माहितीसाठी कळवतो की, गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा उपविधीनुसार पुढे गणसंख्येविनाही चालते आणि शुल्कवाढ तेव्हाही मंजूर होऊ शकते.

सी-१०४: तर मग आम्ही सभेला येऊ. चहा मात्र घेणार नाही.

ए-२०३: सी विंगचे कप मी आत्ताच राखून ठेवतो.