झडप आधी की कॅन्सर आधी?
वर एकांनी लिहिलंय, 'कॅन्सर निघाल्यावर हृदयाच्या झडपेवर खर्च कशाला?' हे मला अजिबात पटत नाही. कॅन्सर कुठला, कितव्या टप्प्यातला, यावर सगळं ठरतं.

माझ्या काकांचं सांगतो. देवगडजवळ घर, रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. काका चौथ्या पायरीलाच गडग्याला धरून थांबायला लागले. टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनीची झडप फारच अरुंद निघाली. रक्त कमी का, म्हणून पुढे तपासलं तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर, पण सुरुवातीचा. घरातले सगळे झडप विसरून कॅन्सरच्या मागे! अशी झडप त्रास द्यायला लागल्यावर तशीच ठेवली, तर निम्म्याच्या आसपास रुग्ण २ वर्षांत जातात. शिवाय आतड्याच्या ऑपरेशनची भूल त्या हृदयाला झेपणं कठीण. म्हणून आधी टावी केली, म्हणजे जांघेतल्या धमनीतून नळी घालून, छाती न उघडता नवी झडप बसवली (टावी पहिल्यांदा २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. आलँ क्रिबिए यांनी केली). मग आतड्याचं. परवा काका पाखाडी चढून आले, मध्ये एकदाच थांबले.

कॅन्सरवाल्यांचा टावीनंतरचा पहिला महिना साधारण इतरांसारखाच जातो. फरक पुढे पडतो, तोही कॅन्सर पसरलेला असेल तर जास्त. वर्षभराचीही आशा नसेल, तर डॉक्टर सहसा झडप बदलायला सांगत नाहीत, आणि ते योग्यच.

आणखी एक, कुणाच्या घरी स्तनाच्या कॅन्सरसाठी पूर्वी छातीवर शेक (रेडिएशन) घेतलेला असेल, तर दम लागणं वयावर ढकलू नका. त्या शेकाने झडपा १०-२० वर्षांनीही कडक होतात. इको करून घ्याच.