मदत हवी आहे : सत्तर जणांच्या कार्यालयासाठी चांगल्या कॉफीची व्यवस्था

नमस्कार. पुण्यात बालेवाडी भागातील एका कार्यालयाचे प्रशासन मी पाहते. आमच्याकडे रोज साधारण सत्तर माणसे असतात. प्रीमिक्सवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचा भाडेकरार लवकरच संपतो आहे आणि तो न वाढवता त्या जागी खरी कॉफी देण्यास व्यवस्थापनाने मान्यता दिली आहे. चहाला हात लावायचा नाही हे आधीच ठरले आहे. पॅन्ट्रीतल्या मावशी सकाळी आणि दुपारी आले घालून जो चहा उकळतात, त्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. प्रश्न केवळ कॉफीचा आहे, आणि ज्यांनी आपल्या कार्यालयात अशी व्यवस्था प्रत्यक्ष चालवली आहे त्यांच्याकडून सल्ला हवा आहे.

प्रीमिक्स बंद करण्यामागचे मुख्य कारण चवीइतकेच साखरेचे आहे. दूध पावडर, साखर आणि इन्स्टंट कॉफी एकाच पुड्यात मिसळलेली असल्याने कोणालाही साखर कमी करता येत नाही, त्यामुळे मधुमेह असलेल्या सहकाऱ्यांनी ते यंत्र वापरणेच सोडून दिले आहे. उरलेल्यांच्या आवडी तीन प्रकारच्या आहेत. कर्नाटक-तमिळनाडूकडच्या सहकाऱ्यांना डिकॉक्शनची, म्हणजे फिल्टरमधून उतरवलेल्या दाट अर्कात गरम दूध घालून केलेली, कॉफी हवी असते. काही जण बिनदुधाची काळी कॉफी पितात. आणि आमच्यासारख्या मराठी घरांत वाढलेल्यांच्या मनातली कॉफी म्हणजे भरपूर दुधाची, गोडसर, शक्य तर जायफळ लावलेली. या तिघांनाही सामावून घेणारी एकच व्यवस्था असावी अशी माझी इच्छा आहे.

विक्रेते बहुतेक वेळा दाणे जागच्या जागी दळून कप भरून देणारे स्वयंचलित यंत्र सुचवतात. त्याची कॉफी चांगली लागते, हे मी चाखून पाहिले आहे. तरीही मला त्याबद्दल दोन शंका आहेत. ताज्या दुधाची नळी रोज, नियमाने, योग्य द्रावणाने धुतली गेली नाही तर आत दुधाचा थर साचून आंबतो, आणि हे काम सुटीच्या आदल्या संध्याकाळी हमखास राहून जाते. दुसरे म्हणजे यंत्र बिघडले की सगळ्यांचीच कॉफी एकदम बंद पडते. म्हणून माझा कल साध्या उपायाकडे आहे : मोठ्या स्टीलच्या फिल्टरमध्ये सकाळी आणि जेवणानंतर ताजे डिकॉक्शन काढायचे, शेजारी गरम दूध आणि वेगळी साखर ठेवायची, आणि काळ्या कॉफीसाठी पुडीवर गरम पाणी ठिबकवणारे एक छोटे ड्रिप यंत्र घ्यायचे, ज्याची कॉफी तापत्या पट्टीवर न राहता थेट थर्मासमध्ये उतरेल. पट्टीवर ठेवलेली कॉफी अर्ध्या तासात कडवट होऊ लागते.

माझा अंदाज असा आहे की सुमारे पंचेचाळीस जण दिवसाला प्रत्येकी दोन कप घेतील. कपामागे 8 ग्रॅम पूड धरली तर रोज 720 ग्रॅम, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याला 3.6 किलो लागेल. आणि कपामागे 100 मिलिलिटर दूध धरले तर रोज सुमारे 9 लिटर. काळ्या कॉफीसाठी लिटरभर पाण्याला 55 ते 60 ग्रॅम पूड आणि 92 ते 96 अंश सेल्सिअस तापमान हे सर्वमान्य प्रमाण मी धरले आहे. हा हिशेब प्रत्यक्षात कितपत टिकतो, विशेषतः चांगली कॉफी मिळू लागल्यावर खप किती वाढतो, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

पूड दळून मागवावी की दाणे आणून इथेच दळावेत, याबाबत माझा निर्णय होत नाही. दळल्यानंतर सुगंध झपाट्याने उडतो हे खरे, पण चांगली चक्की महाग असते, आणि आमची पॅन्ट्री बैठकीच्या खोलीला लागूनच असल्याने तिच्या आवाजाचाही प्रश्न आहे. दर आठवड्याला ताजी दळलेली पूड, भाजल्याची तारीख छापलेल्या हवाबंद पुड्यांत मागवणे हा मधला मार्ग मला पटतो. चिकोरीच्या, म्हणजे कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या भाजलेल्या मुळांच्या पुडीच्या, बाबतीत आपल्याकडचा अन्नसुरक्षा नियम असा आहे की मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असली पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापले पाहिजे. तेव्हा स्वस्त पुडा घेताना तो आकडा अवश्य वाचावा लागतो. दुधाच्या कॉफीसाठी 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी असे मिश्रण, आणि काळ्या कॉफीसाठी चिकमगळूर किंवा कोडगूची निव्वळ अरेबिका जातीची कॉफी, असे दोन पुडे ठेवण्याचा विचार आहे. दुधाच्या मिश्रणात रोबस्टा या दुसऱ्या जातीची थोडी कॉफी असली तर चव दाट लागते, परंतु तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या साधारण दुप्पट असते. गर्भवती सहकाऱ्यांसाठी दिवसाला 200 मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली जाते, ती लक्षात घेता कॅफीनविरहित कॉफीचा एखादा पुडाही ठेवावा असे वाटते.

सर्वांत अवघड भाग पाण्याचा आहे, आणि याबद्दल कोणताच विक्रेता आपणहून बोलत नाही. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात आम्हाला महापालिकेचे पाणी मिळते, तर उन्हाळ्यात टँकरचे, म्हणजे बहुधा बोअरवेलचे जड पाणी येते. जड पाण्याने यंत्रात क्षारांचा थर बसतो आणि कॉफीची चव बोथट होते. यावर उपाय म्हणून सगळे पाणी आरओमधून घेतले तर त्यातले क्षार इतके कमी होतात की कॉफी पातळ आणि आंबट लागते. काही यंत्रांचे पाण्याची पातळी ओळखणारे सेन्सरही अशा पाण्यात नीट चालत नाहीत. कॉफीसाठी पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, 150 मिलिग्रॅमच्या आसपास, फार तर 75 ते 250 दरम्यान असावा असे मानतात. आमच्या आरओला टीडीएस कमी-जास्त करण्याची तोटी आहे, पण पाण्याचा स्रोत बदलला की तिची जुळणी पुन्हा करावी लागते. असे कोणी नियमितपणे करते का? की कॉफीच्या यंत्राआधी क्षार रोखणारी, बदलता येणारी वेगळी गाळणी (कार्ट्रिज फिल्टर) बसवणे अधिक भरवशाचे ठरते?

आता ज्यांच्या हातांवर हे सगळे चालणार आहे त्यांच्याविषयी. पॅन्ट्रीत मावशी आणि त्यांच्यासोबत एक तरुण मदतनीस, असे दोघेच आहेत. डिकॉक्शन काढणे, दूध तापवणे, फिल्टर आणि थर्मास घासणे, पूड मोजून ठेवणे हे काम त्यांच्या आजच्या वेळेत बसणार नाही, आणि ते गुपचूप त्यांच्या माथी मारले जाऊ नये याची मला काळजी आहे. म्हणून रोजच्या एका जादा तासाचा मोबदला खर्चात धरावा असा प्रस्ताव मी दिला आहे. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की तेवढ्या पैशांत स्वयंचलित यंत्राचे भाडे निघेल. ज्यांच्याकडे फिल्टर कॉफीची व्यवस्था आहे त्यांनी कृपया सांगावे की दोन वेळच्या कामाला, साफसफाईसकट, खरोखर किती वेळ लागतो. मावशींना मी विचारले तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की मोठा फिल्टर उचलून ओतावा लागू नये, खाली तोटी असावी. ही अट मी पक्की धरली आहे. तेव्हा पाच-सहा लिटरचा, तोटी असलेला, सहज सुटा करून धुता येणारा स्टीलचा फिल्टर पुण्यात कोठे पाहायला मिळेल, हेही कळवावे.

यंत्र भाड्याने घेण्याचा निर्णय झालाच तर करारात बिघाडानंतर किती तासांत दुरुस्ती व्हावी, तोपर्यंत बदली यंत्र कोणी द्यावे, आणि क्षार काढण्याचा व गाळणी बदलण्याचा खर्च कोणी करावा, या मुद्द्यांवर आपण कोणते शब्द घालून घेतलेत? एका विक्रेत्याने तीन वर्षांची बांधिलकी मागितली आहे, जी मला फार जास्त वाटते. आधी दोन-तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर यंत्र देण्यास कोणी विक्रेता तयार झाल्याचा अनुभव असल्यास त्याच्या अटी अवश्य लिहाव्यात.