गरोदर असल्याचं कळवल्यावर राजीनाम्यासाठी दबाव, काय करू?

चैत्रपालवी:
मला पाचवा महिना चालू आहे. खासगी कंपनीत आहे, पद टीम लीड. गेल्या अप्रेझलला 'अपेक्षेपेक्षा सरस' असा शेरा आणि पगारवाढ मिळाली होती. बाळाबद्दल मॅनेजरना तोंडी सांगितलं आणि लगेच माझ्याकडचा मोठा क्लायंट दुसऱ्याकडे गेला. या सोमवारी एचआरनं बोलावून घेतलं. "परफॉर्मन्स घसरलाय. स्वतःहून राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर चांगलं मिळेल, नाहीतर टर्मिनेशनचा शिक्का बसेल." राजीनामा टाइप करून समोर ठेवलेला होता, 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलेला. फक्त सही बाकी. शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे.

घरचे म्हणतात, या दिवसांत डोक्याला ताप नको, देऊन टाक. माझं मन धजत नाही. टीम लीड म्हणजे मॅनेजमेंट, तुम्हाला कामगार कायदे लागू नाहीत, असंही एचआरनं ऐकवलं. हे खरं आहे का?

माजी_एचआर:
ताई, सही करू नका. बाकी सगळं नंतर. त्या कागदावर सही झाली की 'मला काढलं' या तक्रारीचं 'मी सोडलं' होतं, आणि दबाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. मी या खुर्चीवर बरीच वर्षं काढली आहेत. राजीनामा टाइप करून ठेवतात तो याचसाठी. काढायला भक्कम कारण हाताशी असतं तर त्यांनी पत्रच दिलं असतं.

टीम लीडबद्दलचं एचआरचं म्हणणं चुकीचं आहे. प्रसूती रजेचा हक्क पदावर ठरत नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असलं की तो मिळतो. पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवडे पगारी रजा, त्यातले 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. 1961 च्या कायद्यातली ही तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. गरोदरपणात काढून टाकलं तरी हा लाभ बुडत नाही. अपवाद गंभीर गैरवर्तनाचा, तोही लेखी आदेश देऊनच. गंभीर गैरवर्तन म्हणजे चोरी, अफरातफर, मारहाण असल्या गोष्टी. 'परफॉर्मन्स घसरला' हे त्यात बसत नाही. आणि लाभ नाकारलाच, तर आदेश कळल्यापासून 60 दिवसांत अपील करता येतं. ही मुदत चुकवू नका.

आता तोंडी सांगितलेलं लेखी करा. आजच मेल टाका, मॅनेजर आणि एचआर दोघांना: "मी गरोदर असल्याचं आपल्याला अमुक तारखेला सांगितलं होतं. अपेक्षित तारखेचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडत आहे. सोमवारच्या मीटिंगमध्ये मला राजीनामा देण्यास सांगण्यात आलं. माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही. कामगिरीबद्दल तक्रार असल्यास ती उदाहरणांसह लेखी कळवावी." बस, एवढंच. राग, टोमणे, कायद्याची कलमं काही नको.

सायली_म:
मीही यातून गेले आहे. अप्रेझलचे मेल आणि क्लायंटनं केलेलं कौतुक सगळं स्वतःच्या मेलवर फॉरवर्ड करून ठेव. लॉगिन कधी बंद करतील याचा नेम नाही.

माजी_एचआर:
सायली, इथे जपून. नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलचं पत्र हे तिचं स्वतःचं आहे, ते घ्यावं. क्लायंटचे मेल मात्र बाहेर पाठवू नयेत. गोपनीय माहिती बाहेर नेली म्हणून कारवाई करायला त्यांना आयतंच निमित्त मिळेल. त्या मेलच्या तारखा आणि विषय वहीत टिपून ठेवा. गरज पडली तर कंपनीकडून ते मागवण्याची विनंती करता येते.

सायली_म:
हे पटलं. एक राहिलं, वकिलाच्या फीच्या धास्तीनं थांबू नकोस. विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्यानं, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100. घरच्यांनाही सोबत घेऊन जा. माझ्या नवऱ्यालाही भांडण नकोच होतं. वकिलानं समजावल्यावर कागद तोच लावायला लागला.

चैत्रपालवी:
मेल पाठवला, सर्टिफिकेट जोडून. तासाभरात एचआरचा फोन आला, "मेलवर कशाला, बसून बोलू की." मी म्हटलं, बोलू, पण जे ठरेल ते मेलवर येऊ दे.

माजी_एचआर:
उत्तम. आता तो फोनही वेळेसकट त्याच मेलखाली उत्तर म्हणून लिहून पाठवा. आणि शुक्रवारी रजा टाकू नका. ऑफिसला जा, रोजची हजेरी लावा, काम करत राहा. गैरहजर राहिल्या म्हणायला त्यांना जागा देऊ नका.