नकाशावरचे किलोमीटर फसवतात

एकाने विचारलंय की लाकूडतोडीच्या रस्त्याने गेलं तर स्की टूरिंग करून (म्हणजे स्कीवरच डोंगर चढून, मग स्कीवरच उतरून) डोंगरात आत असलेलं शिखर एका दिवसात होईल का. होईल, पण अंतरावरून वेळेचा हिशेब करू नका. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले हे रस्ते ट्रकसाठी काढलेले, म्हणून चढ अगदी सौम्य. जाताना बरं वाटतं, उतरताना मात्र ताज्या बर्फात स्की सरकतच नाहीत, काठ्यांनी ढकलत बसावं लागतं. त्यात रस्ता वापरातून गेलेला असेल तर पाणी जायला खणलेले आडवे चर आणि मधोमध माजलेली आल्डर या झाडाची दाट झुडपं. अशाच एका चरात माझ्या स्कीचं टोक समोरच्या काठात रुतलं आणि मी पाठपिशवीसकट तोंडावर!

तोड चालू असेल तर ट्रकवाल्यांशी बोलता येईल असा टू-वे रेडिओ हवाच. चॅनेल रस्त्यावरच्या फलकावर असतो, आपण कितव्या किलोमीटरवर आहोत ते त्यावर सांगत जायचं. भरलेला ट्रक वळणावर चटकन थांबत नाही.

दोनदा चढायचं असेल तर काढलेल्या स्किन (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या, मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) जॅकेटच्या आत ठेवा. गोंद गारठला की चिकटत नाही.

हिमस्खलन बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं. रस्ता सपाट असला तरी वरची झाडं तोडलेला मोकळा उतार त्यावरच रिकामा होऊ शकतो. म्हणून बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधता यावं म्हणून सिग्नल देणारं, अंगावर बांधायचं यंत्र) गाडीपाशीच चालू करायचा, आणि सिग्नलमध्ये अडथळा नको म्हणून मोबाइल त्याच्यापासून निदान 20 सेंमी लांब. छातीच्या खिशात दोन्ही एकत्र कोंबणारे बरेच दिसतात.