पुलिदोर लाडका होता हे मान्य, पण मोठा होता का?

चढाईवाला:
शिव्या पडतील, तरी लिहितो. रेमों पुलिदोर हा फ्रेंच सायकलपटू टूर दे फ्रान्समध्ये तीनदा दुसरा, पाचदा तिसरा आला. एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी एक दिवसही नाही. तरी फ्रान्सने लाड केले ते या 'पुपू'चेच, आणि पाच टूर जिंकलेल्या जाक आंकतीलची हुर्यो. १९६४ ची टूर घ्या. मोनॅकोच्या स्टेडियममध्ये एक फेरी बाकी असताना पुलिदोर साहेबांनी शर्यत संपली समजून जोर लावला! टप्पा आणि एक मिनिटाचा बोनस आंकतीलने नेला. शेवटी पॅरिसला टूर आंकतीलने जिंकली, दोघांत फरक किती? ५५ सेकंद. फेऱ्या मोजता येत नाहीत आणि म्हणे दुर्दैवी.

निवांत_पेडल:
मालक, टूर सोडून बाकी काही पाहिलंत का? मिलान–सान रेमो ही एकदिवसीय शर्यत १९६१ ला जिंकली, स्पेनची मोठी शर्यत व्हुएल्ता १९६४ ला. १९७२ ला पॅरिस–नीस शर्यतीत ऐन भरातल्या बेल्जियन दिग्गज एडी मर्क्सला हरवलं, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली. आणि १९७६ ला टूरमध्ये तिसरा आला तेव्हा वय ४०! चाळिशीत आपण कात्रजच्या घाटात धापा टाकतो.
मोनॅकोचं मान्य. पण त्याच टूरमध्ये तुलूझच्या टप्प्यावर सायकल बदलल्यावर त्याच्याच मेकॅनिकने असा ढकलला की गडी आडवा. तीही त्याचीच चूक?

चढाईवाला:
बरं, मग त्याच टूरमधला पुय द दोम डोंगर? चढावर दोघे कोपराला कोपर लावून, आंकतीलचा जीव मेटाकुटीला आलेला, आणि हा त्याला मागे टाकतो कधी, तर शेवटच्या किलोमीटरात. ४२ सेकंद मिळाली, जर्सी १४ सेकंदांनी हुकली. आधी निघायला काय झालं होतं?

रानमेवा:
लोकांना तो आवडला कारण तो त्यांच्यातला वाटायचा. बटईने शेती करणाऱ्या घरातला, क्रूझसारख्या मागास भागातला. आंकतील म्हणजे शँपेन नि थाट.

चढाईवाला:
आंकतीलचे वडील स्ट्रॉबेरी पिकवायचे हो! तोही शेतकऱ्याचाच पोरगा. फक्त जिंकायचा, एवढाच गुन्हा.

रानमेवा:
हे माहीत नव्हतं. पण वाटणं आणि असणं वेगळं. घड्याळाकडे बघत हिशेबाने जिंकणाऱ्याचं कौतुक होतं, त्याला कुणी घरी जेवायला बोलवत नाही.

निवांत_पेडल:
निवृत्तीनंतरही दर जुलैत पुलिदोर टूरबरोबर फिरायचा, पिवळ्या जर्सीच्या प्रायोजक बँकेचा पिवळा शर्ट घालून. सह्यांसाठी गर्दी. २०१९ ला गेला. २०२१ मध्ये नातू माथ्यू व्हान डर पुलने म्यूर द ब्रताञला टप्पा जिंकून खरी जर्सी घेतली आणि बोट आकाशाकडे केलं. आमच्या घरी दोघं रडत होते, त्यातला एक मी.

चढाईवाला:
नातवाला सलाम. पण आजोबांचा मुद्दा तिथेच राहिला.

निवांत_पेडल:
१९७३ च्या टूरची प्रोलॉग, म्हणजे सुरुवातीची छोटी घड्याळाविरुद्धची शर्यत, आठवते? डच सायकलपटू झूटेमेल्कने पुलिदोरच्या हातून एका सेकंदापेक्षाही कमी फरकाने जर्सी नेली. तिथे कुठली फेरी मोजायची राहिली होती, सांगा.