पहिली बर्किन, ८६ लाख युरो आणि घासलेल्या कडांची किंमत

अडगळप्रेमी:
१० जुलै २०२५ रोजी पॅरिसला सदबीजच्या लिलावात एर्मेस या फ्रेंच कंपनीची पहिली बर्किन बॅग शुल्कासह सुमारे ८६ लाख युरोंना, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास ८६ कोटी रुपयांना विकली गेली. तेव्हापासून ‘डागाळलेल्या पिशवीला एवढे पैसे?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. माझे म्हणणे असे की, ती डागाळलेली होती म्हणूनच मोलाची ठरली. अभिनेत्री-गायिका जेन बर्किन हिने विमानात शेजारी बसलेल्या एर्मेसच्या प्रमुखांकडे, झाँ-लुई द्युमा यांच्याकडे, मनासारखी बॅग मिळत नसल्याची तक्रार केली आणि त्यातून ही बॅग जन्माला आली. पुढे सुमारे नऊ वर्षे तिने ती जवळजवळ रोज वापरली आणि १९९४ साली एड्सविषयक कार्याच्या मदतीसाठी लिलावात देऊन टाकली. झाकणावर तिची आद्याक्षरे आहेत, चिकटवलेल्या स्टिकरांच्या खुणा चामड्यावर अजून दिसतात आणि बॅगेला तिचे नेलकटरही लटकवलेले आहे. आपल्याकडे मात्र जुनी बॅग हाती येताच ‘नव्यासारखी करून द्या’ म्हणत ती रंगवायला टाकतात. जुने नाणे चिंचेने घासून लखलखीत करणाऱ्याला नाण्यांचा जाणकार दारात उभे करणार नाही. बॅगांच्या बाबतीतही तोच न्याय असावा.

रोखठोक:
नाण्याचा दाखला येथे लागू पडत नाही. त्याआधी लिलावातील हँडबॅगेचा विक्रम २०२१ साली हाँगकाँगमध्ये विकल्या गेलेल्या, मगरीच्या कातड्याच्या हिरेजडित ‘केली’ या एर्मेसच्याच दुसऱ्या बॅगेचा होता आणि ती रक्कम साडेचार लाख युरोंच्याही आत होती. तेथून एकदम जवळपास वीसपट उडी घासलेल्या कडांमुळे बसली, असे मानणे भाबडेपणाचे आहे. घेणारी जपानी कंपनी जुन्या चैनीच्या वस्तूंचाच व्यापार करते आणि या खरेदीमुळे तिचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले, तेव्हा मी तरी ही रक्कम जाहिरातीच्या खात्यात मांडीन. हाच डाग माझ्या आत्याच्या बॅगेवर असता, तर दुकानदाराने तो दाखवून निम्मी किंमत कापली असती.

अडगळप्रेमी:
किमतीबद्दल मी माघार घेतो. खुणांबद्दल घेणार नाही. प्रसिद्ध मालकीण नसलेल्या बॅगेतही खुणा हाच पुरावा असतो. एर्मेसच्या बॅगांवर वर्षदर्शक अक्षराचा बारीक ठसा असतो: १९७१ पासून ते अक्षर वर्तुळात, १९९७ पासून चौकोनात आणि २०१५ पासून चौकटीविना उमटवले जाऊ लागले. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून घातलेले, किंचित तिरके दिसणारे हाताचे टाके ही दुसरी खूण. जाड रंगाचा थर चढला की ठसा बुजतो, टाक्यांची भोके भरतात आणि मग खरी बॅग व चांगली नक्कल यांतला फरक सांगणे जाणकारालाही अवघड जाते.

दमट हवा:
आपण दोघेही कोरड्या कपाटाच्या भरवशावर वाद घालत आहात. दादरच्या घरात मी एक जुनी फ्रेंच बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली होती; जुलैच्या पंधरा दिवसांत तिच्यावर हिरवट बुरशी चढली आणि आतल्या खिशाचे अस्तर इतके चिकट झाले की रुमाल बाहेर निघेना. अस्तर बदलून घेतले नसते तर ती फेकावीच लागली असती. आता ती मलमलीच्या कापडात, आत कागदाचे बोळे भरून ठेवते आणि पावसाळ्यात दर आठवड्याला वाऱ्यावर काढते. एर्मेस स्वतःच्या कार्यशाळेत जुन्या बॅगांची दुरुस्ती करून देते आणि संग्राहकांना ती चालते. तेच टाके आपल्या गल्लीतल्या कारागिराने तितक्याच नेटकेपणाने घातले तर मात्र बॅग ‘बाटली’ असे म्हणतात. हा सोवळेपणा मला मान्य नाही. रंगकाम आणि डागडुजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी अडगळप्रेमींनी मान्य करावे.

जरीकाठ:
‘खुणांचे मोल’ ऐकून मला आजीची पैठणी आठवली. ती फाटली तेव्हा तिचे जरीचे काठ वितळवून चांदी काढणाऱ्याला वजनावर विकले गेले आणि बाकीचे लुगडे बोहारणीच्या पातेल्याच्या बदल्यात गेले. तिच्यावरच्या हळदीच्या डागाला कोणी इतिहास म्हटले नाही, तेव्हा या बाबतीत मी रोखठोक यांच्या बाजूने आहे. माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. एर्मेसच्या पद्धतीप्रमाणे एक बॅग साधारणपणे एकच कारागीर शिवतो. म्हणजे पहिल्या बर्किनमागेही बहुधा कोणा एकाच माणसाचे हात असणार, परंतु मी वाचलेल्या एकाही बातमीत त्याचे नाव नव्हते. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हाही आधी कोल्हापूरचा उल्लेख नव्हता. ओरड झाल्यावर तो आला. जिची किंमत वाढते ती खूण नेहमी वापरणाऱ्याचीच का असते, करणाऱ्याची का नसते?

अडगळप्रेमी:
दमट हवा यांची दुरुस्ती मान्य. अस्तर बदलणे ही डागडुजीच आहे. जरीकाठ यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. आद्याक्षरे ग्राहकाची असतात, एवढेच दिसते.

रोखठोक:
मला यातली गंमत आणखी एका ठिकाणी दिसते. जेनला पुढे आणखी काही बर्किन मिळाल्या आणि त्याही तिने धर्मादाय कामांसाठी सोडून दिल्या. २०११ साली जपानमधील भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी त्यांतली एक लिलावात गेली. पहिली बॅग २००० साली ज्या संग्राहक बाईंनी घेतली, त्यांनी ती पंचवीस वर्षे सांभाळली. आता नवे मालक ती विकणार नाही, प्रदर्शनात ठेवू म्हणतात. म्हणजे आपले मित्र ज्या खुणांवर जीव टाकतात, त्यांत यापुढे एकाही खुणेची भर पडणार नाही. अडगळप्रेमी, खरे सांगा, ती बॅग तुमच्या हाती आली असती तर तुम्ही तीतून मंडईची भाजी आणली असती का?

अडगळप्रेमी:
कोथिंबीर आणली असती. टोमॅटो नाही.