एकाच पेनड्राइव्हवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम कशा ठेवाव्यात?

डिचोली_वाचनालय यांचा प्रश्न

नमस्कार. डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात मुलांसाठी काही संगणक आहेत. त्यांतले बरेचसे जुने, केवळ बायोसवर (संगणक सुरू करणाऱ्या जुन्या प्रणालीवर) चालणारे आहेत, तर नव्या लॅपटॉपमध्ये यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी प्रणाली) आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने बंद झाली आणि जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून त्यांवर लिनक्स घालायचे आम्ही ठरवले आहे. मिंट व डेबियन हे लिनक्सचे दोन प्रकार, विंडोज ११ चा इन्स्टॉलर आणि मेमटेस्ट (मेमरी तपासणारे साधन) हे सगळे एकाच ६४ जीबी पेनड्राइव्हवर हवे आहे. नेहमीच्या पद्धतीने दुसरी आयएसओ (इन्स्टॉलरची संपूर्ण प्रत असलेली फाइल) लिहिली की पहिली पुसली जाते. यावर खात्रीचा उपाय कोणता?

फोंडा_लॅब यांचे उत्तर

यासाठी व्हेंटॉय हे मुक्त स्रोत साधन वापरावे. ते एकदा पेनड्राइव्हवर बसवले की त्याचे दोन भाग होतात: एक मोठा एक्सफॅट (फायली साठवण्याची एक पद्धत) भाग आणि दुसरा ३२ एमबीचा छोटा भाग, ज्यात बूट होण्यासाठी लागणाऱ्या फायली असतात. त्यानंतर आयएसओ फायली मोठ्या भागात नुसत्या कॉपी करायच्या; संगणक सुरू करताना त्यांची यादी पडद्यावर येते आणि हवी ती निवडता येते. फॅट३२ या फायली साठवण्याच्या जुन्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि विंडोज ११ ची आयएसओ त्याहून मोठी असते, त्यामुळे एक्सफॅटचा येथे खरा उपयोग होतो.

व्हेंटॉय प्रथम बसवताना पेनड्राइव्हवरील सारे काही पुसले जाते, हे आधी ध्यानात घ्यावे. पुढे व्हेंटॉयची नवी आवृत्ती घ्यायची झाल्यास ‘अपडेट’ निवडावे, म्हणजे ठेवलेल्या फायली तशाच राहतात. बसवताना विभाजनाचा (पेनड्राइव्हचे भाग पाडण्याच्या पद्धतीचा) प्रकार जुना एमबीआर ठेवावा, कारण काही जुने बायोस नव्या जीपीटी प्रकारच्या पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीत, आणि एमबीआर मात्र जुन्या व नव्या दोन्ही यंत्रांवर चालते.

म्हापसा_दुरुस्ती यांचे उत्तर

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. नव्या लॅपटॉपबाबत मात्र थोडे सविस्तर लिहितो. सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्या वेळी निळ्या पडद्यावर एक यादी येते. तिथे ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ निवडून व्हेंटॉयच्या छोट्या भागातील प्रमाणपत्राची फाइल नोंदवावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. हे त्या यंत्रावर एकदाच करावे लागते. घाईने सिक्युअर बूट बंद करू नये, कारण बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असलेल्या लॅपटॉपवर असा बदल झाला की विंडोज ‘रिकव्हरी की’ (कुलूप उघडणारा संकेतांक) मागू शकते, आणि ती हाताशी नसेल तर आतील माहितीपर्यंत पोहोचता येत नाही. ही की आधीच मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून शोधून कागदावर लिहून ठेवावी.

अगदी जुने ३२ बिटचे संगणक असल्यास मिंटची मुख्य आवृत्ती त्यांवर चालणार नाही, कारण मिंट २० पासून तिची ३२ बिट आवृत्ती निघत नाही. डेबियन १३ मध्येही ३२ बिट इन्स्टॉलर नाही. त्यासाठी डेबियन १२ ची आयएसओ जपून ठेवावी.

डिचोली_वाचनालय

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. मुले लाइव्ह मिंटमध्ये (संगणकावर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालवलेल्या मिंटमध्ये) मराठी कीबोर्ड लावतात, पण यंत्र बंद केले की ती मांडणी नाहीशी होते. ती टिकवता येईल का?

फोंडा_लॅब

होय, टिकवता येते. व्हेंटॉयसोबत, लिनक्सवर चालणारी, बदल साठवण्याची डॅट फाइल तयार करून देणारी एक स्क्रिप्ट मिळते. मिंटसाठी त्या फाइलला ‘कॅस्पर-आरडब्ल्यू’ हे लेबल असावे लागते. मग पेनड्राइव्हवर ‘व्हेंटॉय’ नावाचे फोल्डर करून त्यातील जेसन फाइलमध्ये (सेटिंग लिहिण्याच्या साध्या मजकूर फाइलमध्ये) कोणत्या आयएसओसाठी कोणती डॅट फाइल वापरायची ते लिहावे. डॅट फाइलचा आकार आरंभीच थोडा मोठा ठेवावा.

लिनक्सवरून फायली कॉपी करताना काम संपल्याचे दिसले तरी माहिती काही काळ मेमरीतच असते, म्हणून सेफली रिमूव्ह केल्याशिवाय पेनड्राइव्ह काढू नये. आयएसओ नीट उतरली आहे का याविषयी शंका असेल तर व्हेंटॉयच्या यादीत ती निवडून एम ही कळ दाबावी. तिथल्या तिथे शा-२५६ (फाइलवरून काढलेला, ती जशीच्या तशी आहे का हे दाखवणारा आकडा) काढता येतो आणि तो संकेतस्थळावरील आकड्याशी ताडून पाहता येतो.